हे कुणी केलंय?

आंबा घाट चढताना बायको म्हणाली, "अहो, रस्ता दिसतोय."

"दिसणारच. दिवसाढवळ्या चाललोय आपण."

"समोरचा नव्हे. खालचा."

घाटात गाडी चालवणाऱ्याने खाली बघू नये, म्हणून मी बघितलं नाही. शिवाय मला अंदाज होताच. पाली सोडल्यापासून माझ्या पोटऱ्यांना वारा लागत होता आणि काचा तर खांद्यापाशी आहेत, मग हा वारा येतो कुठून, हा प्रश्न मी स्वतःला मुद्दामच विचारला नव्हता.

बायकोच्या मांडीवर रत्नागिरीच्या मामेबहिणीने दिलेला फणसाच्या गऱ्यांचा डबा होता. साखरप्यापर्यंत तिने आठळ्या कागदात गोळा केल्या. आता तिने पायाने मॅट सरकवली आणि एकेक आठळी त्या भोकातून खाली सोडायला सुरुवात केली. मलकापूर येईपर्यंत डबा रिकामा झाला. आणखी वीस वर्षांनी आंबा घाटाचं नाव फणस घाट करायची वेळ आली, तर त्याचं श्रेय आमच्या मारुतीला मिळावं एवढंच माझं म्हणणं आहे.

गाडी म्हणजे मारुती ८००. १९९८ चं मॉडेल, तीन सिलिंडर, चार गिअर, कार्बोरेटरवालं इंजिन आणि आरसी बुकाच्या म्हणण्याप्रमाणे पांढरा रंग. किंमत ३२ हजार. १९८३ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात पहिल्या मारुतीची किल्ली ठेवली, तेव्हा ती गाडी पन्नास हजारांच्या आसपास मिळायची. २०२२ च्या मे महिन्यात मला ती त्याहून स्वस्त पडली. चाळीसएक वर्षांत भाव उतरलेली दुसरी वस्तू कुणी मला दाखवावी. साधी मेथीची जुडी घ्या.

डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडात धरून "स्कूटर बंद" म्हटलं, तेव्हापासून मी स्वस्त चारचाकीच्या शोधात होतो. घर ते शाळा, शाळा ते मंडई आणि पावसाळ्यात सासूबाईंचा दवाखाना, एवढंच माझं साम्राज्य. त्यासाठी पाच-सहा लाख घालायचे म्हणजे पोहे खायला तांब्याचा हंडा काढण्यासारखं होतं.

समुद्राकाठची गाडी घेऊ नये, हे मला दहा जणांनी सांगितलं होतं. खारा वारा लोखंडाला लागतो आणि गंजाला चेव येतो. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं हा मुळात विजेचाच एक कासवाच्या गतीचा खेळ असतो. ही गाडी तर मांडवीच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली. पण मीही तयारीने गेलो होतो. लोखंडाऐवजी लांबी भरली असेल तर तिथे लोहचुंबक चिकटत नाही, हे ऐकून होतो. म्हणून फ्रिजवरचा गणपतीचा लोहचुंबक खिशात टाकून नेला. बोनेटवर बाप्पा छान बसले. टपावर बसले. डाव्या दाराच्या खालच्या अंगाला लावले, तर घरंगळून मातीत.

मालक शांतपणे म्हणाले, "देव आहेत ते. कुठेही कसे चिकटतील?"

या युक्तिवादावर मला उत्तर सुचलं नाही. शिवाय नंबर प्लेट बघून मी आतून विरघळलो होतो. एमएच ०९! म्हणजे गाडी मूळची आमच्या कोल्हापूरची. नोकरीच्या बदलीत कुणीतरी ती २००८ साली रत्नागिरीला नेलेली. आपली पोर परगावी दिलेली, तिथे तिचे हाल झालेले, आणि आता तिला माहेरी आणायचं पुण्य आपल्या हातून घडतंय, असं मला वाटलं. ३२ हजारांत पुण्य स्वस्त होतं. गाडी महाग होती, हे पुढे कळलं.

घरासमोर गाडी उभी राहिल्यावर पहिला मान दिला तो भंगारवाल्याने. रोज हातगाडी ढकलत पुढे जाणारा माणूस आमच्या दारापाशी चाल मंद करू लागला आणि "भंगाऽऽर"मधला 'गा' दुप्पट लांबवू लागला. शेजारचे निवृत्त इंजिनिअर चहाचा कप घेऊन बाहेर आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, पत्र्यावर टिचकी मारली आणि काही न बोलता आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारच्या वाहने मोडीत काढण्याच्या धोरणाचं कात्रण माझ्या पेपरात घालून ठेवलं.

मी मात्र उद्यमनगर गाठलं. कोल्हापूरच्या माणसाला लोखंडाचं काही बिघडलं की त्याचे पाय आपोआप शिवाजी उद्यमनगराकडे वळतात. ऑइल इंजिनं घडवलेली वस्ती ती. तिथे वितळवून ओतता येत नाही किंवा लेथवर धरून सरळ करता येत नाही अशी वस्तू नाही, फक्त माणसांचा अपवाद.

पहिला नंबर इंजिनवाल्या मिस्त्रींचा. त्यांनी बोनेट उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "हे कुणी केलंय ओ?"

हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पुढे ते मला इतक्या तोंडांनी ऐकवलं गेलं की ते कारागिरांचं मंगलाचरण आहे याबद्दल माझी खात्री झाली. गवंडी, न्हावी, दाताचे डॉक्टर, कुणीही असो. आधीच्या माणसाला नावं ठेवल्याखेरीज काम सुरू करणं अशुभ मानतात. त्या वाक्याचा अर्थ 'कुणी केलंय' असा नसतोच. नाव सांगितलं तर त्यांना राग येतो. त्याचा अर्थ एवढाच, की पैसे जास्त होणार आहेत आणि त्याला मी जबाबदार नाही.

मिस्त्रींनी कार्बोरेटर खोलला, जेटमधून फुंकर मारली, आतला गाळ बोटावर घेऊन मला अंगाऱ्यासारखा दाखवला. टायमिंग बेल्ट बघून त्यांनी मला विचारलं, "ह्याच्यावर घाट चढून आला?" मी अभिमानाने हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि हात जोडले. मला की बेल्टला, ते कळलं नाही. बाकी इंजिनाबद्दल मात्र त्यांचं मत चांगलं पडलं. "मशीन नंबर एक. बॉडीच तेवढी बघा." लग्नाच्या बाजारातही अशी उलटसुलट शिफारस ऐकल्याचं आठवतं.

नंतर वायरमन. माझ्या गाडीत डावा इंडिकेटर लावला की वायपर एकदा सलाम करायचा. हॉर्न वाजवला की आतला दिवा लुकलुकायचा. वायरमनने डॅशबोर्डाखाली आडवं होऊन लाल, निळ्या, हिरव्या वायरींची एक जिलबी बाहेर काढली आणि तिथूनच त्याचा घुमलेला आवाज आला, "कुणी केलंय हे?" मग त्याने समजावलं ते मला फार आवडलं. गाडीत प्रत्येक दिव्याला जाणारी वायर असते, पण विजेला परत यायला वेगळी वायर नसते. गाडीचा पत्रा हीच परतीची वाट. जिथे ती पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, तिथे गंज धरला की वाट बंद होते. वीज काही थांबत नाही. ती शेजारच्या दिव्याच्या घरातून, त्याच्या मागच्या दाराने निघून जाते. म्हणून इंडिकेटरचं पाणी वायपर भरत होता. सहा ठिकाणी पत्रा घासून अर्थिंग नीट केलं आणि वायपरचा सलाम थांबला. थोडं चुकल्यासारखं वाटलं. दिवसभरात दुसरं कोण सलाम करतं आपल्याला.

स्पेअर पार्टच्या दुकानात वेगळंच शास्त्र. "ओरिजिनल देऊ का लोकल?" "फरक काय?" "ओरिजिनल महाग असतंय." "आणि टिकायला?" दुकानदाराने जरा विचार केला. "तसं एक मधलं पण आहे. ओरिजिनलसारखं लोकल." या गाडीचं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण सुटे भाग अजून तालुक्याच्या गावी मिळतात, आणि या गाडीवर हात साफ करूनच निम्मे मिस्त्री मिस्त्री झालेले असतात. जुनी गाडी रोजच्या वापराला घ्यायचीच असेल, तर जिचे अवयव आपल्या गल्लीत मिळतात तीच घ्यावी. हे वाक्य मी बायकोलाही ऐकवलं. ती दुधाच्या डायरीत गाडीचा खर्च लिहीत होती. तिने ३२ हजारांच्या आकड्याखाली एक रेघ मारली आणि म्हणाली, "इथून पुढे दुसरी गाडी."

खरी परीक्षा होती ती पत्र्याच्या दवाखान्यात. हे डेंटर म्हणजे साठीकडे झुकलेले, गळ्यात गॉगल, बोलणं तोंडाने कमी आणि हातोडीने जास्त. गॅरेजवर भला मोठा फ्लेक्स. त्यावर जन्मात कोल्हापुरात न आलेली एक जर्मन गाडी आणि खाली त्यांचा हात जोडलेला फोटो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हाताने बनवला, जिथे दुकानाच्या पाटीवरचं अक्षरही सावली टाकून, रुबाबात उभं राहायचं, तिथे आता सगळे फ्लेक्सवर हात जोडून उभे आहेत. पण तो विषय वेगळा.

डेंटरनी जॅक मागवला. पोऱ्याने तो पायरीच्या खाली, ज्याला ते रनिंग बोर्ड म्हणतात तिथे लावला आणि दांडा फिरवायला लागला. जॅक वर गेला. गाडी जागेवरच राहिली. करकर असा आवाज आला आणि जॅकचं डोकं पापडात बोट घालावं तसं आत गेलं.

सगळे शांत. मग डेंटर म्हणाले, "कुणी..."

"मी नाही," मी म्हणालो.

जीपला खाली वेगळी लोखंडी चौकट असते; बॉडी सडली तरी जीप सांगाड्यावर धावते. मारुतीला तसं काही नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड आणि मधला फ्लोअर गेला, की गाडी मधोमध वाकते आणि दारं लागेनाशी होतात. "वरनं पावडर लावून उपयोग नाही," डेंटर म्हणाले, "हाडं बदलाय लागतील."

त्यांनी सीटा काढल्या, मॅट काढली, खालचा नमदा काढला. नमद्याचा वास आला तसा वास मी फक्त गणपतीनंतर उघडलेल्या ताडपत्रीचा घेतलाय. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती मातीने बुजली होती. त्यामुळे प्रत्येक पावसाळ्यात चारी दारांत चार टाक्या भरत होत्या. बाहेरच्या काचेवरून ओघळलेलं पाणी आत, आतलं नमद्यात, आणि नमदा म्हणजे माहेरचं माणूस असल्यासारखा ते पाणी दिवाळीपर्यंत सोडत नव्हता. गाडी वरून सडत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती बुडापासून, आपण पाय ठेवून निवांत बसतो तिथून सडते.

गंजाचा स्वभाव वाईट असा, की तो मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणूनच रंगाखाली आधी पुरळ उठतं, मग फुगा येतो, आणि तो फुगा नखाने खरवडायचा मोह ज्याला आवरत नाही त्याच्या गाडीला भोक पडतं. मला आवरला नाही. डेंटरनी खरवडलेल्या जागी तारेचा ब्रश मारला आणि बाटलीतलं एक पांढुरकं औषध लावलं. बघता बघता तांबडा गंज काळाकुट्ट झाला. मला एकदम आईची लोखंडी कढई आठवली. तिच्यात आवळे शिजवले की असेच काळे व्हायचे. हिरड्याची शाईसुद्धा याच नियमाने काळी होते. काही गंजरोधक औषधांत आवळ्या-हिरड्यातलंच ते तुरट द्रव्य असतं; ते लोखंडाला धरून बसतं आणि काळं पडून निवांत होतं. मी हे मोठ्या उत्साहाने डेंटरना सांगितलं. ते म्हणाले, "बाटलीवर चारशे रुपये लिहिलंय. आवळे स्वस्त पडतील काय?"

पंधरा दिवस वेल्डिंग चाललं. नवे रनिंग बोर्ड, पुढचा अर्धा फ्लोअर, दारांच्या खालच्या पट्ट्या, बॅटरीच्या ॲसिडने खाल्लेला ट्रे. मागचा फ्लोअर त्यांनी हातोडीने वाजवून बघितला. टणटण वाजला. "हे बरं हाय, हात लावू नका." त्यावर रेड ऑक्साइड, वरून डांबरी कोटिंग.

मग रंग. मला वाटायचं, पांढरा म्हणजे पांढरा. पेंटरने माझ्यासमोर पाच पांढरे ठेवले. एक दुधाचा, एक ताकाचा, एक चुन्याचा, एक धोतराचा आणि एक न्हाणीघरातल्या टाइलचा. गाडीचा जुना पांढरा यांपैकी एकाशीही जुळत नव्हता, कारण तो स्वतःशीही जुळत नव्हता. बोनेट एका पांढऱ्यात, दारं दुसऱ्यात. पेंटर जुन्या रंगावर पॉलिश पेपर मारता मारता पुटपुटला. काय पुटपुटला, ते सांगायला नको.

२०२३ साली आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण आलं. आदल्या वर्षीच्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या मोटारींची ती फी ६०० वरून ५ हजार झालेली. म्हणजे मूळ किमतीच्या जवळपास सहावा हिस्सा. चासी नंबरावरची धूळ-गंज घासून, कागद धरून, पेन्सिलने त्याची छाप घेतली. लहानपणी नाण्यावर घ्यायचो तशी. तपासणीला साहेब आले. वाकले, खाली टॉर्च मारला, बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि म्हणाले, "हे कुणी केलंय?"

मी घाबरत डेंटरचा पत्ता सांगितला.

"चांगलं केलंय," साहेब म्हणाले. त्या वाक्याला असाही सूर असतो हे मला प्रथमच कळलं. डेंटरना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण पोऱ्याला चहा सांगितला, आणि तोही स्पेशल.

गाडी रोज चालू लागली. सकाळी चोक ओढायचा, दोन मिनिटं बोलू द्यायचं तिला, मग निघायचं. सिग्नलला उभी असताना तीन सिलिंडरची थरथर अशी, की सासूबाई म्हणायच्या, "पाय दाबून दिल्यासारखं वाटतं." भंगारवाल्याने आमच्या दारापुढचा 'गा' हळूहळू आखूड केला. शेजारच्या इंजिनिअरांनी एकदा भर पावसात लिफ्ट मागितली आणि उतरताना दार दोन बोटांनी, हळुवार लावलं. डायरीत बायकोची तिसरी गाडी चालू होती.

जुलैत पाऊस लागला आणि एका सकाळी सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "पाय भिजले." मी म्हणालो, छत्रीचं पाणी असेल. त्या म्हणाल्या, "छत्री अजून उघडलीच नाही."

पुन्हा उद्यमनगर. मागची सीट निघाली, नमदा निघाला. त्याखाली डांबराचा थर, डांबराखाली एक मोठं चौकोनी ठिगळ, चारी बाजूंनी पितळेने जोडलेलं. ठिगळ शाबूत, पण त्याच्या कडेचा मूळ पत्रा झिजून चाळण झालेला. आमचे डेंटर गुडघ्यावर बसले, त्यांनी त्या पितळेवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा आवाज चढला. "बघा! ह्याला काम म्हणत्यात? ही गाडी पाच सालच्या पुरात पाण्यात असणार, तेव्हा घाईघाईत कुणीतरी हे थापलंय. अशा माणसाला हातोडी कुणी दिली? कडंला पाणी साचणार हे कळाय नको? पत्रा कुठला वापरलाय बघू तरी."

पोऱ्याने छिन्नी लावली. पंधरा मिनिटं ठोकून ठिगळ सुटलं. डेंटरनी ते उचललं, उलटं केलं आणि चिंधी रॉकेलमध्ये बुडवून त्यावरून फिरवली. मळाखालून पिवळाजर्द रंग वर आला. मग लाल अक्षरं, प्रत्येकाला उजवीकडे काळी सावली. एक शब्द पूर्ण होता: 'खात्रीने'. त्याच्यापुढे 'करून मि' आणि पत्रा कापलेला. खाली कोपऱ्यात गॅरेजच्या फोन नंबराचे शेवटचे तीन आकडे.

पोऱ्या वाकून बघत होता. त्याने मान वर करून फ्लेक्सवरचे शेवटचे तीन आकडे वाचले. मग पुन्हा खाली बघितलं. "मालक," तो म्हणाला, "फ्लेक्स लावला तेव्हा उतरवलेली पाटी ही, न्हवं?"

डेंटरनी गॉगल कपाळावर चढवला. ठिगळ कानाजवळ धरलं आणि हातोडीच्या टोकाने हलकेच वाजवलं. देवळातल्या घंटेसारखं टण्ण झालं. पोऱ्या, मी, शेजारचा लेथवाला, सगळे गप्प.

"तेव्हा पत्रा चांगला यायचा," डेंटर म्हणाले, आणि ते ठिगळ अक्षरं वरच्या बाजूला येतील असं ठेवून कडेने नवीन वेल्डिंग धरायला लागले.